वरच्या मजल्यावरची जागा

श्रावण वद्य पक्ष लागला की आम्हां सुरतवासी गोमंतकीयांच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो, ‘यंदा गाडीचे काय?’ ज्यांनी दोन महिने आधीच तजवीज करून ठेवलेली असते, ते हा प्रश्न किंचित हसून विचारतात; ज्यांनी ठेवलेली नसते, ते आढ्याकडे पाहू लागतात. मी जन्मभर पहिल्या पंक्तीतला माणूस. १९७९ साली येथल्या एका कापड गिरणीच्या रंगशाळेत नोकरीस लागलो, तेव्हापासून चतुर्थीचे तिकीट कधी चुकविले नाही. २०२५ सालीही चतुर्थीचे तिकीट माझ्या पेटीत सुरक्षित होते. परंतु निघावे लागले ते त्याच्या आधी जवळजवळ दोन आठवडे.

ऑगस्टच्या १२ तारखेस, मंगळवारी, दिवेलागणीला म्हार्दोळहून वहिनींचा फोन आला. दादांना आता एक्याऐंशी वर्षे झालेली. गेल्या वर्षभरात त्यांची स्मृती झपाट्याने ओसरत चालली होती. प्रथम शेजाऱ्यांची नावे गेली, मग नातवंडांची. वहिनी मोजके बोलणाऱ्या. ‘अजून वळखतात ते. चवथीमेरेन रावूं नाका, बेगीन यो,’ एवढेच त्या म्हणाल्या. चतुर्थीपर्यंत थांबू नको, हे ज्या स्वरात त्या म्हणाल्या, त्यानंतर पेटीतल्या त्या तिकिटाला काही अर्थ उरला नाही.

आता योग असा की १५ ऑगस्ट शुक्रवारी आलेला, त्याच रात्री श्रीकृष्णजयंती, शनिवारी गोपाळकाला आणि पाठोपाठ रविवार. गुजराथेत सातम-आठमचे हे दिवस म्हणजे निम्मे शहर गावाला जाण्याचे. सुरतेची वस्तीच अशी की येथे प्रत्येकाला कुठेतरी परत जायचे असते. सौराष्ट्रातले हिरेकामगार, ओरिसा-बिहारकडचे यंत्रमागावरचे मजूर, लिंबायत-उधन्याला दाटीवाटीने राहणारे आमचे खानदेशी बांधव, सारे एकाच स्थानकाच्या तोंडाशी येऊन मिळतात. २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर याच स्थानकावर बिहारकडच्या गाडीत शिरताना चेंगराचेंगरी होऊन एक प्रवासी प्राणास मुकला होता. गर्दी हा शब्द आपण सहज वापरतो; तिच्यात एखाद्याचा घरी जायचा रस्ता कायमचा खुंटतो, हे त्या दिवशी पाहिले.

पैशाचाही विचार होताच. विमानाचा आकडा माझ्या निवृत्तिवेतनाच्या तिसऱ्या हिश्शाला भिडत होता. खाजगी बसगाड्यांनी भाडे दुप्पट केलेले. रेल्वेत पूर्वी साठी उलटलेल्या पुरुषास चाळीस टक्के सवलत मिळे. ती मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि पुन्हा सुरू झाली नाही. तेव्हा वार्धक्याचा जो एक फायदा होता, तोही गेला. असो.

आगाऊ आरक्षणाची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून एकशेवीस दिवसांवरून साठ दिवसांवर आली आहे. म्हणजे या सुटीची तिकिटे जूनच्या मध्यालाच सुटली आणि दूरदर्शी लोकांनी ती नेलीही. सुरतेहून थेट गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या बहुधा राजस्थान-सौराष्ट्राकडून निघून केरळात उतरणाऱ्या; बऱ्याचशा आठवड्यातून एकदा-दोनदा येतात. सुरत हे त्यांचे मधले स्थानक, म्हणून आपल्या वाट्याला जागाही मोजक्याच. राहता राहिले ‘तत्काळ’.

या तत्काळाविषयी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून येथे सांगून टाकतो. ही खिडकी आदल्या दिवशी उघडते खरी, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहाला आणि साध्या शयनयानासाठी अकराला. पण हा आदला दिवस आपण चढणार त्या दिवसाचा नव्हे, तर गाडी मूळ स्थानकावरून सुटते त्या दिवसाचा. जी गाडी काल तिकडे सुटून आज सुरतेस येते, तिचे तत्काळ परवाच उघडून गेलेले असते. माझ्या ओळखीचे एक सद्गृहस्थ याच घोळात दोनदा हात हलवीत परत आले.

गुरुवारी सौराष्ट्रातून सुटणारी एक गाडी मी हेरली आणि बुधवारी पहाटेच आरक्षण कार्यालयाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. माझा क्रमांक नववा. घरी शेजारच्या पटेलांची कॉलेजात जाणारी मुलगी संगणक घेऊन बसलेली. जुलै २०२५ पासून आधारची खूण पटल्यावाचून घरबसल्या तत्काळ मिळत नाही आणि पहिला अर्धा तास अधिकृत दलालांनाही मज्जाव आहे, त्यामुळे तिला मोठा भरवसा वाटत होता. ‘काका, या वेळी मिळणारच!’ असे तिने मला दोनदा बजावले होते.

अकरा वाजले. रांग हलली. पहिल्या दोघांची कामे झाली, तिसऱ्याच्या अर्जात वय लिहावयाचे राहिले होते. खिडकीमागचा कारकून त्याला ते विचारीत असता माझ्यामागचा एक म्हातारा देवाचे नाव घेऊ लागला. माझी पाळी आली तेव्हा अकरा वाजून सहा मिनिटे झाली होती आणि प्रतीक्षायादी एकतीसवर गेली होती. तत्काळच्या प्रतीक्षायादीत एकतीसावा म्हणजे लग्नाच्या पंक्तीत पानच न मांडलेला पाहुणा. इकडे फोन वाजला. मुलीचा आवाज रडवेला: आधारचा आकडा आला, तिने घातलाही, पण पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले आणि थांबले तेव्हा जागा संपल्या होत्या.

बाहेर आलो तो एक तरुण जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘गोवा? हो जायेगा.’ दीड हजार रुपये वर. तिकीट पक्के, मात्र नाव कोणा तिसऱ्याचे आणि वय चौतीस. मी त्याला नकार दिला. तो सचोटीपायी दिला, असे लिहिण्याचा मोह होतो. खरे सांगायचे तर तपासनीस ओळखपत्र मागेल तेव्हा चौतीस वर्षांचा कसा दिसू, या एका विचाराने मी मागे सरलो. वहिनींचे शब्द कानात होते. तिकीट माझ्या नावाचे असते तर मी पैसे मोजले असते.

पायरीवर बसलो होतो. रांगेत माझ्यापुढे असलेला लिंबायतचा एक यंत्रमाग कामगार तेथेच चहा पीत उभा होता. त्यालाही नंदुरबारकडचे तिकीट मिळाले नव्हते, पण चेहऱ्यावर त्याचे काही नव्हते. ‘काका, आरक्षणाच्या नादी लागलात म्हणून अडलात,’ तो म्हणाला. ‘जनरलचं तिकीट कधी संपत नाही. फक्त जागा आपली आपण करायची. एका दमात जायचं म्हणू नका, तुकडे करा.’

तुकडे करण्याचे मला सुचले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आम्ही तसेच तर जात होतो! कोकण रेल्वे १९९८ साली सुरू झाली. तत्पूर्वी सुरत ते मुंबई आगगाडी आणि पुढे रात्रीची बस हाच आमचा राजमार्ग. थेट गाडीच्या सवयीने तो विसरलो होतो.

गुरुवारी पहाटे पाचच्या फ्लाइंग राणीत साध्या तिकिटावर चढलो. ही राणी १९०६ साली प्रथम धावली. मी सुरतेत आलो त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिला दुमजली डबे जोडले गेले, त्याचे शहरात केवढे कौतुक! दादा पुढच्या उन्हाळ्यात मला भेटायला आले, ते परतताना हट्टाने वरच्या मजल्यावर बसले आणि खिडकीतून एखाद्या बालकासारखा हात हलवीत राहिले. शिस्तीचे शाळामास्तर ते. त्यांना तसे मी पूर्वी पाहिले नव्हते, नंतरही नाही. ते दुमजली डबे जुलै २०२३ मध्ये गेले. आता नवे, एकमजली डबे आहेत. त्यात नवसारी-वलसाडच्या पासधारकांची जागा ठरलेली असते. त्यांच्यातल्या एकाने माझे केस पाहून, काही न बोलता, बाकावर चौथा म्हणून मला सामावून घेतले.

दादरला उतरून दिवस भाचीकडे काढला. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकरानंतर सुटते. मी संध्याकाळी साडेसहालाच फलाटावर पोहोचलो, तरी साध्या डब्याच्या रांगेत शंभरावर मंडळी होती. तेथे रेल्वे पोलीस काठी घेऊन रांग राखीत होते. त्या काठीचा मला प्रथम राग आला. डब्याचे दार उघडले तेव्हा तिचे उपकार कळले. मला बाकाची कड मिळाली. पायाशी चिपळूणच्या गोविंदा पथकातली दोन मुले, डोक्याशी कोणाचे तरी गाठोडे. खेडपर्यंत कोणीच झोपले नाही. पावसाळी वेळापत्रकामुळे गाडी जपून चालते; करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर लांब बोगद्यात शिरल्यावर ती संपतच नाही असे वाटले. पहाटे त्यांपैकी एका मुलाने उठून, ‘आजोबा, आता तुम्ही टेका,’ असे म्हणत आपली पाठीमागची जागा मला दिली.

करमळीला उतरलो तेव्हा पावसाची झड चालू होती आणि स्थानकावर झेंडावंदन नुकतेच आटोपले होते. एकूण खर्च शयनयानाच्या तत्काळ तिकिटाहून पुष्कळच कमी झाला. पण कंबरेने त्याचा हिशेब पुढे आठ दिवस मागितला.

घरी दादा ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. देवळातली घंटा ऐकू येत होती. मी पाय धुऊन समोर बसलो. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. वहिनी दाराशी पदर धरून उभ्या. मी नाव सांगणार इतक्यात त्यांनीच विचारले, ‘सुरतेसावन आयलो?’

मी मान हालविली.

‘वयर बसूंक मेळ्ळें?’

क्षणभर उमज पडेना. मग पडली. वरचा मजला जाऊन दोन वर्षे झाली, हे त्यांना सांगणे माझ्या जिवावर आले.

‘मेळ्ळें,’ मी म्हणालो. ‘जनेलाकडेच.’

दादा समाधानाने हसले आणि त्यांनी वहिनींना माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितले.