शस्त्रपरवाना : कोण आणि कशासाठी

लॉर्ड लिटन कवी होता. ‘ओवेन मेरेडिथ’ या टोपणनावाने त्याने लिहिलेल्या कविता त्याच्या काळात इंग्लंडात बऱ्यापैकी वाचल्याही जात. याच कवीच्या व्हाइसरॉयपदाच्या कारकिर्दीत, मार्च १८७८मध्ये, दोन कायदे पाठोपाठ मंजूर झाले. एक देशी भाषांतील वृत्तपत्रांचा आणि दुसरा शस्त्रांचा. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला यांतला पहिला चांगला परिचित असतो. ‘निबंधमाला’ चालू असतानाचा तो काळ, आणि वृत्तपत्रांच्या इतिहासावरील प्रश्नपत्रिकेत हा कायदा हमखास येतो. दुसऱ्याकडे मात्र आपण इतिहासवाल्यांचा विषय म्हणून पाहतो आणि पुढे जातो.

वास्तविक हे दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचले तर त्यांची घडण एकच असल्याचे ध्यानात येते. पहिल्याने मुद्रकाकडून आणि प्रकाशकाकडून जामीनकतबा लिहून घेण्याचा अधिकार जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटला दिला. दुसऱ्याने सरकारी परवान्याविना बंदूक जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवला. पहिल्यातून इंग्रजी वृत्तपत्रे वगळली होती. दुसऱ्याच्या नियमांतून युरोपीय, अँग्लो-इंडियन, संस्थानिक आणि सरकारच्या मर्जीतले काही मानकरी वगळले होते. छापलेला मजकूर काय आहे किंवा बंदूक कशासाठी हवी आहे, हे दोन्हीकडे दुय्यम होते. ती लेखणी अथवा बंदूक कोणाच्या हातात आहे, हा खरा प्रश्न होता.

पुढे दोन्ही कायद्यांचे प्राक्तन मात्र निराळे झाले. वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या काळात, १८८२ साली रद्द झाला. शस्त्रांचा कायदा टिकला. काँग्रेसने १८८७च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव केला होता, तरी तो टिकला. एवढेच नव्हे, तर स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षे तो चालू राहिला. १९५९ साली संसदेने नवा शस्त्र अधिनियम केला, पण तो अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ रोजी. इंग्रज गेले तरी त्यांनी केलेला शस्त्रांचा कायदा जायला इतका वेळ लागला, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

या कायद्याने कोणाचे हात रिकामे झाले, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या ‘शारदा’चा प्रयोग होता. त्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. ते पिस्तूल लंडनहून चोरून आणलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी होते. जिल्ह्यातल्या शस्त्रांवर नजर ठेवणे हे ज्या कचेरीचे काम, तिच्याच प्रमुखाला विनापरवाना शस्त्राने गाठले. कट करणाऱ्याला परवान्याची गरज नसते. ती असते उघड राहणाऱ्याला, ज्याचे घर, शेत आणि नाव गावाला ठाऊक आहे त्याला.

स्वातंत्र्याच्या चळवळीने या अविश्वासाला उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला होता. १९३१च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिलेला होता. मात्र संविधान तयार होताना तो हक्क बाजूला पडला. डिसेंबर १९४८मध्ये ह. वि. कामत यांनी तो पुन्हा घालण्याची दुरुस्ती सुचवली आणि डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. आजच्या काळात आग्रह धरायचा तो शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा, असा त्यांच्या उत्तराचा एक रोख होता; आणि सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारालाही मिळेल, असा दुसरा. परिणामी आपल्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात शस्त्राचा उल्लेख येतो तो नकाराच्या रूपात. एकोणिसाव्या अनुच्छेदानुसार नागरिकाला एकत्र जमण्याचा हक्क आहे, तो शांततेने आणि शस्त्रांविना. मला स्वतःला हा निर्णय योग्य वाटतो. जिथे सर्वांना हक्क असतो तिथे प्रत्यक्षात तो पैसेवाल्याला आणि दांडग्याला आधी मिळतो.

असे असले तरी १९५९चा अधिनियम म्हणजे जुन्या कायद्याची नुसती नक्कल नव्हे. भाषेच्या शिक्षकाने त्यातले तेरावे आणि चौदावे कलम अवश्य वाचावे. तेराव्या कलमात परवाना मागणाऱ्यांचे दोन वर्ग केलेले आहेत. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी विशिष्ट लांबीची साधी नळीची बंदूक मागणारा नागरिक, आणि पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणारा शेतकरी, यांच्याबाबत अधिकाऱ्याने परवाना ‘द्यावा’ असे क्रियापद आहे. अर्थात चौदाव्या कलमातल्या नकाराच्या कारणांना अधीन राहून. बाकीच्यांनी, म्हणजे रिव्हॉल्व्हर-पिस्तूल मागणाऱ्यांनी, आपल्याजवळ सबळ कारण असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटवायची आहे. चौदाव्या कलमात आणखी एक वाक्य आहे : अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, केवळ एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. १८७८च्या ‘कोण’ची जागा इथे ‘कशासाठी’ने घेतली आहे. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांनी ठासणीच्या बंदुकीला, म्हणजे गरीब शेतकऱ्याच्या हत्याराला, त्यात नाव घेऊन जागा दिली, हे मला या अधिनियमातले सर्वांत सुसंस्कृत वाक्य वाटते.

जुना ‘कोण’ पुरता गेला आहे असे नाही. कोडगूतील कोडवा समाजाला आणि तेथील जम्मा जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने ती २०१९मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवली आणि तिला दिलेले आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१मध्ये फेटाळले. कोडवांच्या घरी बंदुकीची पूजा होते, हे खरे. पण तसे म्हटले तर दसऱ्याला शस्त्रे आपल्याकडेही पुजली जातात.

हे सगळे मी का वाचले, ते सांगणे आता भाग आहे. माझे वडील कोकणातल्या एका लहान गावात शेती करत. त्यांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना आणि एक ठासणीची बंदूक होती. ते गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. धाकट्या भावाने ती आपल्या नावावर व्हावी म्हणून अर्ज केला, तेव्हा इतर वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे मागण्यात आली. वारस म्हणजे आई आणि मी.

बहिणीची सही मागायला येणारा कागद आपल्याकडे बहुधा हक्कसोडपत्राचा असतो, आणि तो वाचून पाहण्याची रीत नाही. हा कागद मी वाचला. कारण जमिनीवरचा हक्क सोडताना मी फक्त माझे काही सोडते. इथे मात्र घरात बंदूक राहण्याला माझी हरकत नाही, असे शपथेवर लिहून द्यायचे होते. घरात भावाची दोन वाढत्या वयाची मुले आहेत. रात्री रानात गेलेल्यांपैकीच कोणाला तरी जनावर समजून बार लागल्याच्या बातम्या कोकणात दर एक-दोन वर्षांनी येतात. मी भावाला म्हटले, की रानडुक्कर मारायला वनखात्याची निराळी परवानगी लागते, मग या बंदुकीचा नेमका उपयोग काय?

तो म्हणाला, “ताई, बंदूक डुकराला लागण्यासाठी नसतेच. त्याला ऐकू येण्यासाठी असते.”

भात पोटरीत आले की रात्री मांगरावर जागत राहायचे, चाहूल लागली की हवेत बार काढायचा, एवढाच तिचा वर्षभरातला उद्योग. वडिलांचा परवाना त्यानंतर मी प्रथमच उघडून पाहिला. नूतनीकरणाचे शिक्के एकाखाली एक होते, आणि हेतूच्या रकान्यात मूळ शब्द तसाच होता : शेतीसंरक्षण. त्या काळात आमच्या शेतात काय काय बदलले, नाचणी गेली, काजू आला, मजूर मिळेनासे झाले. पण सरकारला दिलेले कारण बदलले नाही, आणि ते खोटेही ठरले नाही.

व्यवहारात मात्र कारणापेक्षा संशयच पुष्कळदा पुढे असतो. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा येतात. अशी जमा सरसकट करून घेऊ नये, तपासणी समितीने प्रत्येक व्यक्तीचा स्वतंत्र विचार करावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली सांगितले आहे. तरीही आमच्या भागातला शेतकरी नोटीस आली की मुकाट्याने बंदूक खांद्याला लावून तालुक्याची एस.टी. पकडतो. जनावरे आचारसंहिता पाळत नाहीत, ही तक्रार तो ठाण्यात करत नाही, घरी येऊन करतो.

दुसऱ्या टोकाला लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणारे आहेत. त्यांच्यामुळे २०१९च्या दुरुस्तीत अशा आनंदोत्सवी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा घालावी लागली. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेली बंदूकही त्या दोनांतच मोजायची. हवेत बार तो वरातीतलाही काढतो आणि माझा भाऊही काढतो. आवाज तोच, कारण निराळे. कायद्याला हा फरक कळायला हवा असेल, तर ‘कशासाठी’ हा प्रश्न त्याने विचारत राहिले पाहिजे आणि अर्जदाराने दिलेले उत्तर मनापासून वाचले पाहिजे.

मी सही केली. मात्र एक अट घातली, ती प्रतिज्ञापत्रात नव्हती : दारू आणि छर्रे बंदुकीपासून दूर, कुलपात राहतील आणि किल्ली वहिनीकडे असेल. भावाने ती मान्य केली. वहिनीने मात्र विचारले, “मग अर्जावर माझेच नाव का नाही घालत? रात्री मांगरावर निम्म्या वेळा मीच असते.” हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. अधिनियमात परवान्यासाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण असण्याची अट आहे. पुरुष असण्याची नाही.