संप्रेरक ग्राही सकारात्मक

३ जुलै २०२४

दुपारी पुतण्याने व्हॉट्सॲपवर अक्कांचा रिपोर्ट पाठवला. तीन पानं, तिन्ही इंग्रजीत. मागच्या आठवड्यात डाव्या बाजूच्या गाठीचा तुकडा काढला होता. गाठ सुपारीएवढी. फोन लावला तर अक्काच बोलायला आल्या. "बाकी राहू दे. त्यात दोनदा पॉझिटिव्ह लिवलंय म्हणं. तेवढं सांग."

गावात हा शब्द आला तो कोविडच्या साली, ॲम्ब्युलन्समध्ये बसून. पॉझिटिव्ह म्हणजे घराला दोरी बांधणार आणि माणूस नेणार, एवढाच त्याचा अर्थ. इथे प्रकरण उलटं आहे. ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह म्हणजे या गाठीच्या पेशी अंगातल्या हार्मोनवर पोसतात, म्हणून गोळीने त्यांचं ते खाणं तोडता येतं. तिसरी ती हर-टू, ती निगेटिव्ह. तिन्ही त्यातल्या त्यात बऱ्या बातम्या. हे सांगायला मला वीस मिनिटं लागली आणि शेवटी अक्का म्हणाल्या, "म्हंजी हाय का न्हाई?"

आहे, म्हटलं.

शिवाय पुतण्याने 'ग्रेड २' वाचून भावकीत 'सेकंड स्टेज' सांगून टाकलंय. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते. तीन गोष्टींना एक ते तीन गुण देतात, बेरीज सहा-सात आली की ग्रेड दोन. रोग किती लांब गेला ती स्टेज, आणि ती अजून ठरायचीच आहे. भावकीला हे कोण समजावणार? सोडून दिलं.

५ जुलै

"काकू, नेटवर मराठीत पण आहे की," म्हणून पुतण्याने लिंक पाठवली. पहिल्या दोन ओळींतच ओळख पटली. पान माझंच. सहा-सात वर्षांपूर्वी केलेला अनुवाद, शब्दाला दीड रुपया. 'अर्बुद संप्रेरक ग्राही सकारात्मक असल्यास...'

तेव्हा हे वाक्य मला नेमकं वाटलं होतं. संप्रेरक कोशात आहे, ग्राही कोशात आहे. पुतण्याने ते अक्कांना वाचून दाखवलं. अक्कांनी विचारलं, "सकारात्मक म्हंजी ते कीर्तनात सांगत्यात तसं? विचार चांगले ठेवा म्हणून?"

पुढे आणखी एक. 'कर्करोग प्रगत अवस्थेत असल्यास.' आमच्या भागात प्रगत म्हटलं की प्रगत शेतकरी. ठिबक सिंचन, हार-तुरे, पेपरात फोटो. "आपला प्रगत हाय का बघ," असं अक्का आशेने म्हणाल्या. मी फोन कानापासून जरा लांब धरला.

पुतण्याने दुसरं एक इंग्रजी पान बटण दाबून मराठी करून घेतलं होतं. त्यात स्तन राखून फक्त गाठ काढण्याच्या ऑपरेशनला 'पुराणमतवादी शस्त्रक्रिया' म्हटलंय. आधी हसले. मग लक्षात आलं, यंत्राने निदान रोजचे शब्द वापरलेत.

८ जुलै

अक्कांच्या फोनवर तीन दिवसांत अकरा फॉरवर्ड. तुकडा काढला की कॅन्सर चवताळतो. (चवताळत नाही. तुकडा तपासल्याशिवाय कुठली गोळी लागू पडेल तेच कळत नाही.) लक्ष्मणफळाचा पाला केमोपेक्षा दहा हजार पट गुणकारी. अक्कांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, कुठेही न अडखळता. 'माऊलींनो, डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत.' छोटी वाक्यं, घरचे शब्द, शेवटी हात जोडलेले. लिहिणारा मराठी कानाचा पक्का आहे. मला कामाला ठेवणाऱ्यांनी याला ठेवायला हवं होतं.

१७ जुलै, आषाढी

माळ्यावरच्या खोक्यात जासकॅपची जुनी मराठी पुस्तिका सापडली. मुंबईच्या या संस्थेने विलायतेतल्या कॅन्सरबॅकअपच्या पुस्तिका आपल्या भाषांत आणल्या. त्या बॅकअपची सुरुवात १९८५ सालची. विकी क्लेमेंट-जोन्स ही स्वतः डॉक्टर, तिला अंडाशयाचा कॅन्सर झाला, आणि खाटेवर पडल्यावर तिच्या ध्यानात आलं की पेशंटला साधं काही विचारायलाही जागा नसते. तिला इंग्रजी येत होतं, डॉक्टरकी येत होती, तरी.

अक्कांना सांगितलं. उपासाचं खाता खाता म्हणाल्या, "मग आपलं काय घेऊन बसलीस."

२९ जुलै

डॉक्टरांनी दोन्ही वाटा सांगितल्या, हिंदीत. अख्खी काढायची, किंवा गाठ काढून बाकी राखायची आणि वरून लाइट द्यायची. (रेडिएशनला पेशंट लाइट म्हणतात, कुणी शेक म्हणतात. 'किरणोत्सर्ग उपचार' म्हणणारी मी एकटीच.) अक्कांचं ठरलेलं होतं: अख्खी काढा, परत कटकट नको.

मी त्यांना बर्नार्ड फिशरची गोष्ट सांगितली. या अमेरिकन सर्जनने १९७६ साली बायकांचे गट करून हेच तपासायला घेतलं, वीस वर्षं मागोवा ठेवला. राखलेल्या बायका आणि काढलेल्या बायका, जगण्यात फरक नाही. लाइट दिली तर गाठ त्याच जागी परतण्याचं प्रमाणही पुष्कळ कमी. अक्कांनी फिशरचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लाइट किती दिवस?"

साधारण तीन आठवडे.

"मग उसाला कोयता लागायच्या आत आटपंल."

पुराणमतवादी शस्त्रक्रिया ठरली.

१४ ऑगस्ट

दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली. परळला उपचाराला येणारं निम्मं हिंदुस्थान या जिन्यांवर बसलेलं. बंगाली, भोजपुरी, उडिया, आणि मोडक्या हिंदीने शिवलेली सगळ्यांची गोधडी. शेजारच्या खाटेवर मालद्याची एक बाई, ऑपरेशन होऊन महिना झालेला. तिने अक्कांना हाताचा व्यायाम दाखवला. भिंतीला तोंड करून बोटं एकेक करत वर न्यायची, मुंगी चढते तशी. जिथे हात थांबेल तिथे पेन्सिलीची खूण. तिच्या खुणा भिंतीवर दिसत होत्या, रोज बोटभर वर. माझ्या पानावर यासाठी 'स्कंधसंधी गतिशीलता व्यायाम' आहे.

१८ ऑगस्ट

उद्या ऑपरेशन. सूचनापत्रावर मराठीत छापलंय, 'सर्व दागिने काढून टाकावेत.' अक्का हिरव्या बांगड्यांवर हात झाकून बसल्या. भाऊजी बाहेर बाकावर बसलेले असताना कुठली बाई बांगड्या काढून टाकेल? रत्नागिरीकडची एक सिस्टर आली. कागदाकडे न बघता हाताला साबण चोळत म्हणाली, "मावशी, एवढ्या वाढवू या हं. घरी गेल्यावर नव्या भरा." अक्कांनी हात पुढे केला.

एक क्रियापद. मी तीस वर्षं मराठी लिहून पोट भरते.

२३ ऑगस्ट

काखेतून नळी, नळीला बाटली. अक्कांनी जुन्या परकराची झोळी शिवून गळ्यात अडकवलीय. मालद्याच्या बाईलाही एक शिवून दिली. काखेतल्या गाठींचा रिपोर्ट स्वच्छ आला. केमो नको म्हणाले.

११ सप्टेंबर

ज्या संस्थेसाठी ते मराठी पान केलं होतं, तिला मी स्वतःहून लिहिलं: पान पुन्हा करून देते, पैसे नकोत. गौरी-गणपतीच्या गडबडीतही दोन परिच्छेद झाले.

इंग्रजी मजकुराची सुरुवात आकड्याने. २०२२ साली भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या पेशंट. अक्कांना वाचून दाखवलं. "बरं," म्हणाल्या, "आणि बऱ्या किती झाल्या?" ते त्या परिच्छेदात नव्हतं. आकडा खाली नेला.

टाटा मेमोरियलच्या मुंबईतल्या अभ्यासाबद्दल मात्र सविस्तर लिहिते आहे. १९९८ साली सुरू केलेला. वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायका. त्यांतल्या निम्म्यांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं, रोगाविषयी समजावून सांगितलं. मॅमोग्राफीचं यंत्र नाही. २०२१ साली निष्कर्ष आले: या तपासलेल्यांत गाठी लवकर सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही, तेही लिहिलं. त्या सेविका दारात उभ्या राहून नेमकं काय बोलायच्या, त्याची टेप कुणी करून ठेवली असती तर मी शब्दाला दहा रुपये मोजले असते.

२० ऑक्टोबर

लाइट संपली. परळला जिकडेतिकडे गुलाबी फिती, महिनाच तो. अक्कांना रोज एक गोळी, पाच वर्षं. आज गल्लीतल्या एका बाईला त्या फोनवर समजावत होत्या, मी शेजारी बसून लिहून घेतलं:

"अगं, तण कशावर वाढतं? पाण्यावर. पाटाचं पाणी त्या वाफ्यात जातंय, तवर ते वाढणारच. गोळी म्हंजी त्या वाफ्याचं दार बांधायचं. रोज बांधायचं. एक दिवस इसरलं की पाणी फुटलं. पॉझिटिव्ह म्हंजी एवढंच, की ह्या तणाला दार हाय."

जसंच्या तसं पानावर घातलं.

२४ ऑक्टोबर

संस्थेच्या पुण्यातल्या संपादकांकडून मजकूर परत आला. समासात लाल अक्षरात प्रश्न: 'दार? कोणते? कृपया स्पष्ट करावे.'

संध्याकाळी अक्कांना फोन करायचा आहे. आता त्या रानात असतील.