तूर्माले घाटाच्या पायथ्याशीं

सायकल ही वस्तु आपल्या घरांत इतकी परिचयाची आहे कीं, तिच्यामागें एखादी थोर कथा असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तथापि मुंबई-पुणें सायकल शर्यतींत बोरघाट सर्वांच्या आधीं चढणाऱ्या स्वाराला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवितात, हें ज्या वाचकांना ठाऊक आहे, त्यांना आमच्या या प्रवासाचें प्रयोजन फोडून सांगावयास नको. घाट आणि सायकल यांच्या झुंजीचें वेड आम्हांस पुष्कळ वर्षांचें. आणि त्या वेडाचें आद्यपीठ म्हणजे फ्रान्स देश. दर वर्षीं उन्हाळ्यांत तेथें ‘टूर द फ्रान्स’ ही तीन आठवड्यांची शर्यत होते. तिच्यांतील घाटांचीं नांवें आम्हांस वाचून वाचून तोंडपाठ झालेलीं. परंतु त्यांतला एक तरी आपल्या पायांखालीं घालावा, या इच्छेनें आम्ही पिरेनीज पर्वतांत गेलों.

फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवर हा पर्वत आडवा पसरला आहे. ऊन पाण्याच्या झऱ्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या बान्येर-द-बिगोर या गांवाहून आदूर नदीच्या कांठानें वर गेलें म्हणजे सेंत-मारी-द-कांपां हें लहानसें खेडें लागतें. येथें रस्त्याला दोन फांटे फुटतात. एक आस्पें घाटाकडे जातो, दुसरा तूर्मालेकडे. तूर्मालेचा माथा समुद्रसपाटीपासून २११५ मीटर उंच असून या खेड्यापासून तो सुमारें सतरा किलोमीटर दूर आहे. आम्ही तो रस्ता पायींच धरला. आरंभींचे चार-पांच किलोमीटर वाट मवाळ आहे. प्रवासी मनांत म्हणतो, एवढ्याचाच का हा बोभाटा? मग मात्र चढण अशी अंगावर येते कीं, ती माथ्यापर्यंत हटत नाहीं. शंभर मीटर चाललें कीं आठ-नऊ मीटर उंची चढलेली असते. झाडी विरळ होत जाऊन अखेर संपते. कुरणांत गाईमेंढरें चरत असतात. डांबरी रस्त्यावर स्वारांचीं नांवें मोठमोठ्या पांढऱ्या अक्षरांत रंगविलेलीं दिसतात. शर्यतीचे दिवस नसतांहि कितीतरी हौशी लोक, त्यांत केंस पिकलेले आजोबाहि, सायकलीवर हळूहळू वर चाललेले आम्हांस भेटले. बोलण्यापुरता श्वास कोणाजवळच शिल्लक नव्हता. तरी मान हलवून नमस्कार करावयास कोणी चुकलें नाहीं.

या शर्यतीचा जन्म कांहीं फार उदात्त हेतूंतून झालेला नाहीं. ‘लोतो’ नांवाच्या वृत्तपत्राचा खप वाढावा, म्हणून त्याचे संपादक आंरी देग्रांज यांनीं १९०३ सालीं ती सुरू केली. साठ स्वार निघाले, एकवीस परत आले. स्वारांचे हाल जितके अधिक, तितके वाचक अधिक, हा त्यांतला हिशेब होता. १९१० सालीं त्यांचे सहकारी आल्फोंस स्तेनेस हे तूर्माले पाहण्यास आले, तेव्हां त्यांची मोटार बर्फांत अडकली आणि रात्रीच्या अंधारांत त्यांना पायीं घाट ओलांडावा लागला. इतकें होऊनहि रस्ता अगदीं उत्तम असल्याची तार त्यांनीं ठोकून दिली! त्याच वर्षीं ३२६ किलोमीटरांचा एकच टप्पा या घाटावरून नेण्यांत आला. ऑक्ताव्ह लापीझ माथ्यावर पहिला पोंचला; पण त्यालाहि मधून मधून उतरून सायकल ढकलावी लागली. पुढच्या ओबिस्क घाटावर संयोजक भेटतांच त्यानें त्यांना ‘खुनी’ म्हणून संबोधिलें, असें सांगतात. तोच त्या वर्षाचा विजेता ठरला. पुढें १९१७ सालीं, पहिल्या महायुद्धांत, आकाशांतील झुंजींत तो कामीं आला. आज घाटमाथ्यावर त्याचा भव्य पुतळा उभा असतो. हिवाळ्यांत तो खालीं आणतात आणि जून महिन्यांत शेंकडों सायकलस्वार मिरवीत त्याला पुन्हा वर नेतात.

परंतु आम्ही मुख्यतः ज्याच्यासाठीं गेलों, तो या घाटाचा विजेता नव्हे. यूजेन क्रिस्तोफ हा मूळचा कुलुपें करणारा कारागीर. १९१३ सालीं शर्यत जिंकण्याची त्याला पुरी आशा होती. तूर्मालेचा माथा ओलांडून तो उतरूं लागला आणि त्याच्या सायकलीच्या पुढच्या चाकाचा चिमटा मोडला. दुसऱ्याची सायकल घेणें किंवा कोणाचें साह्य घेणें नियमानें वर्ज्य. त्यानें सायकल खांद्यावर टाकली आणि दहा किलोमीटरांहून अधिक अंतर तो चालत या खेड्यांत आला. मागून येणारे एकामागून एक पुढें निघून गेले. खेड्यांतल्या लोहाराच्या भट्टीवर तीन तासांहून अधिक वेळ खपून त्यानें स्वतःच्या हातानें चिमटा जोडला. शर्यतीचे अधिकारी शेजारीं उभे राहून पाहत होते, कीं याला कोणी मदत तर करीत नाहीं ना! दोन हात ऐरणीवर गुंतलेले; भाता कोण चालविणार? तेथल्या एका सात वर्षांच्या मुलानें तो चालविला. त्या अपराधाबद्दल क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला, तो मागाहून तीन मिनिटांवर आणण्यांत आला. एवढें होऊनहि त्यानें तो टप्पा पुरा केला, आणि पॅरिसला तो सातवा आला.

१९१९ सालीं आघाडीच्या स्वाराला ओळखतां यावें म्हणून पिवळ्या सदऱ्याची चाल पडली. ‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापलें जात असे, त्याचाच हा रंग. तो सदरा पहिल्यानें अंगांत घालण्याचा मान क्रिस्तोफलाच मिळाला. पण शेवटून दुसऱ्या टप्प्यावर व्हालांसिएन येथें पुन्हा चिमटा मोडला आणि हाताशीं आलेला विजय बेल्जियमच्या फिर्मां लांबोकडे गेला. तेव्हां लोकांनीं वर्गणी करून क्रिस्तोफला पैसे पाठविले. १९२२ सालीं गालिबिए घाटाच्या उतारावर तिसऱ्यांदां तेंच झालें. ही शर्यत त्यानें जन्मांत कधींच जिंकली नाहीं. तरीहि सेंत-मारीच्या त्या लोहारशाळेवर त्याच्या नांवाचा लेख आहे आणि गांवांत मोडका चिमटा हातीं घेतलेला त्याचा पुतळाहि उभा आहे. १९१३ च्या विजेत्याचें, फिलिप टीसचें, नांव मात्र किती जणांना आठवत असेल?

हें आमचें वेड सर्वस्वीं निर्दोष आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. दुसऱ्याच्या क्लेशांवर टाळ्या पिटण्यांत एक क्रौर्य आहे आणि त्याचीं फळेंहि दिसलीं आहेत. १९६७ सालीं व्हांतू पर्वताच्या चढणीवर टॉम सिम्प्सन कोसळून मरण पावला. प्रखर ऊन होतें आणि अंगांत उत्तेजक औषध होतें. लान्स आर्मस्ट्राँगचे सातहि विजय अशाच औषधांपायीं २०१२ सालीं रद्द झाले. कठीण शर्यत मनुष्याला पारखते हें खरें. पण ‘जिंकलाच पाहिजे’ असा घोष चोहोंकडून उठला, तर ती त्याला नासवूंहि शकते. म्हणून आमच्यासारख्या प्रेक्षकानें आपण कशासाठीं टाळ्या वाजवितों, हें स्वतःला विचारीत असावें.

आज शर्यतीचे नियम पुष्कळ माणुसकीचे झाले आहेत. प्रत्येक संघाची मोटार जादा सायकली घेऊन मागें धांवते. तरीहि दर टप्प्याला विजेत्याच्या वेळेवरून ठरणारी कालमर्यादा असते. ती चुकली कीं स्वार बाद. म्हणून घाटांत मागें पडलेले स्वार, मग ते परस्परांचे प्रतिस्पर्धी कां असेनात, एकत्र जमून एकमेकांना वाऱ्याचा आडोसा देत माथा गांठतात. सर्वांत शेवटीं पॅरिस गांठणाऱ्याला, आगगाडीच्या मागच्या दिव्यावरून, ‘तांबडा कंदील’ असें लाडकें नांव आहे. या डोंगरांत रसिक मंडळी पहिला स्वार गेल्यावर घरीं जात नाहींत. शेवटचा दिसेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी असतात. त्या लहानग्यानें चालविलेल्या भात्याचा दंड नियमांनीं वसूल केला. लोकांनीं मात्र तो भाता आपल्या आठवणींत जपून ठेवला. शर्यत ज्या हिशेबानें सुरू झाली, त्याहून हें कांहीं निराळें आहे, असें आम्हांस वाटतें. आणि तें आहे म्हणूनच आमचें हें वेड अजून सुटत नाहीं.