राखेचे पाणी

सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या गल्लीत एक हातगाडी येते. गाडीला बांधलेल्या कर्ण्यातून तेलुगूतले तेच ते वाक्य घुमत असते : ‘पाता इनुप सामान कोंटाम्’, म्हणजे जुने लोखंडी सामान विकत घेतो. पूर्वी कर्णा नव्हता, गाडीवाल्याचा स्वतःचा गळा होता, एवढाच काय तो फरक. काचीगुडा, बडी चावडी, इसामिया बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या कानांना ही हाक इतकी परिचित आहे, की ती ऐकताच हात आपोआप माळ्यावरच्या रद्दीकडे वळतात. वर्तमानपत्रे, दिवाळी अंक, औषधांच्या बाटल्या, फुटकी बादली, जळलेल्या मिक्सरची वायर असे सारे काट्यावर पडते, चार पैसे हाती येतात आणि घर मोकळे वाटू लागते. पुढे त्या वस्तूंचे काय होते, हा प्रश्न साठी उलटेपर्यंत मला कधी पडला नव्हता. तो पडला, आणि त्याच्यामागे मला माझेच शहर नव्याने हिंडावे लागले. त्या हिंडण्याची ही हकीकत.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावरील एका भंगाराच्या गोदामाला रात्री आग लागली. सुदैवाने आत कोणी नव्हते. बंब आले, पहाटेपर्यंत पाण्याचा मारा झाला आणि उजाडताना ‘विझली एकदाची’ म्हणून सर्वांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. गल्लीतून मात्र काळे, तेलकट पाणी वाहत होते. त्यावर जळक्या प्लॅस्टिकचे पापुद्रे तरंगत होते आणि कडेने पिवळसर फेस धरला होता. ते पाणी आमच्या पायरीपर्यंत आले. मी खराटा घेतला, चार बादल्या पाणी ओतले, पायरी लख्ख केली आणि सारे गटारात लोटून दारापुढे रांगोळी काढली. आपण स्वच्छतेचे काम केले, असेच मला त्या वेळी वाटले.

दुसऱ्या दिवशी झाडूवाली आली. ओली राख ती हातानेच घमेल्यात भरत होती. पाण्यासाठी ती दाराशी थांबली तेव्हा तिने तळवे पुढे केले. ‘अम्मा, चेतुलु मंडुतुन्नायि’, हातांची आग होते आहे, असे ती म्हणाली. तळवे लालबुंद झाले होते. मी साबण दिला, खोबरेल दिले. पण मनात विचार आला, की विझलेली आग या बाईच्या हातांत कशी जळते आहे? आणि हिच्या तळव्यांना जे पोळते, ते मी गटारात लोटले, तर ते गेले कोठे?

पुढे २०२२ साल आले. २३ मार्चच्या पहाटे सिकंदराबादच्या भोईगुड्यात एका भंगाराच्या गोदामाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेले अकरा मजूर मृत्युमुखी पडले. सारे बिहारचे होते. खाली कागद, बाटल्या, प्लॅस्टिक आणि तारा यांचे ढीग. वर जायला एक अरुंद जिना. आणि तो उतरतो त्याच ढिगांत. बारावा तेवढा कसाबसा बाहेर पडून वाचला. ही बातमी मी ज्या वर्तमानपत्रात वाचली, तेही महिनाअखेर रद्दीतच जाणार होते. त्या विचाराने मला बेचैन केले. ते अकराजण आमच्यासारख्यांच्याच रद्दीवर झोपले होते.

गेल्या उन्हाळ्यात एकदा मी मुद्दाम भोईगुड्याला गेले. भोई म्हणजे पालखी वाहणारे. त्यांची वस्ती ती भोईगुडा, असे सांगतात. सिकंदराबाद स्थानकापासून हे ठिकाण जवळच आहे. लाकडाच्या वखारींसाठी हा भाग जुना प्रसिद्ध. सागाच्या फळ्या भिंतींना टेकून उभ्या असतात आणि हवेत लाकडाच्या भुश्याचा वास असतो. ज्या गांधी रुग्णालयात त्या अकरा जणांचे देह नेले, तेही येथून फार दूर नाही. मी ती जागा कोणाला विचारली नाही. दुःखाचे ठिकाण बोटाने दाखवायला लावणे मला बरे वाटले नाही. मी नुसती गल्ल्यांतून चालले आणि गटारांची तोंडे पाहत राहिले. हैदराबादचा उतार मुसीकडे आहे. कोणतेही गटार धरून खाली जा, आज ना उद्या तुम्ही मुसीला पोहोचता. आग विझवायला ओतलेले पाणीही याच वाटेने जाते.

या पाण्याचा धडा जगाला मिळाला तो दूर स्वित्झर्लंडमध्ये. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. बंबांच्या पाण्याबरोबर कित्येक टन कीटकनाशके ऱ्हाइन नदीत गेली. रंगद्रव्यांनी नदी तांबडी झाली आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. आगीने गोदाम जाळले. नदी मारली ती आग विझवणाऱ्या पाण्याने. त्यानंतर तिकडच्या कारखान्यांत आगीचे पाणी अडवण्यासाठी हौद बांधण्यात आले.

भंगाराचे गोदाम म्हणजे काही कीटकनाशकांचे कोठार नव्हे, असे कोणी म्हणेल. मलाही तसेच वाटत होते. परंतु विजेच्या तारांवरचे आवरण बहुधा पीव्हीसीचे असते. ते जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो. तो पाण्यात मिसळला, की ते पाणी आंबट आणि दाहक होते. त्याच जळण्यातून डायॉक्झिन नावाची अतिविषारी द्रव्ये तयार होतात, आणि तारेतले तांबे त्या क्रियेला हातभारच लावते. जुन्या बॅटऱ्यांत शिसे असते, डब्यांच्या तळाशी तेल आणि रंग उरलेले असतात. हे सारे राखेत उतरते, राख पाण्यात उतरते. झाडूवालीच्या तळव्यांचे कोडे मला असे उलगडले.

तेथून पुढची फेरी काटेदानची. अफझलगंजच्या पुलावरून जुन्या शहरात शिरून, बहादूरपुरा मागे टाकून आपण प्राणिसंग्रहालयाजवळ येतो, तेव्हा उजव्या अंगाला मीर आलम तलाव असतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले त्याचे धरण एकवीस अर्धवर्तुळाकार कमानींचे आहे. आडव्या ठेवलेल्या त्या कमानी पाण्याचा भार शांतपणे झेलत उभ्या आहेत. ते पाहून मन प्रसन्न होते. थोडे पुढे आरामघर, आणि मग काटेदानची औद्योगिक वसाहत. आपल्या मराठी कानाला हे नाव ‘काट्यांचे दान’ असे ऐकू येते. हा केवळ शब्दांचा योगायोग आहे, पण दान मात्र खरे आहे.

वसाहतीत लहान लहान कारखाने खेटून उभे आहेत : प्लॅस्टिकचे, तेलाचे, बॅटऱ्यांचे, धातूंवर मुलामा देणारे. आपल्या हातगाडीवरची बादली बहुधा अशाच एखाद्या ठिकाणी दळली जाते, वितळते आणि तिचे दाणे होतात. हे काम वाईट नाही. किंबहुना ते झाले नाही तर शहर कचऱ्याखाली गुदमरेल. मात्र ते चालते कसे, हे पाहावे. रस्त्यापर्यंत पोती रचलेली, वर लोंबत्या तारा, कडेने वाहणारे रंगीत पाणी. इकडच्या आगींच्या बातम्या वरचेवर येतात आणि दुसऱ्या दिवशी विसरल्या जातात. माती मात्र विसरत नाही. आपल्याच शहरातील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काटेदानच्या मातीचा अभ्यास केला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शिसे, क्रोमियम, निकेल, जस्त, आर्सेनिक ही द्रव्ये मातीत प्रमाणाबाहेर आढळली. हा संचय रोजच्या कामातून झालेला. प्रत्येक आग या पुंजीत भर घालते, एवढे सांगायला शास्त्रज्ञ नको.

मग आग विझल्यावर करावे काय? पर्यावरणाच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या एका परिचितांना मी हे विचारले. त्यांनी सांगितलेला क्रम आपल्या स्वयंपाकघरातल्या शहाणपणाइतका साधा होता. तेल सांडले, तर आपण आधी ते पसरू नये म्हणून कडेने पीठ किंवा माती घालतो आणि मग पुसतो. पाणी ओतत नाही. तसेच येथे. बंब काम करीत असतानाच गटारांची तोंडे वाळूच्या पोत्यांनी बंद करावीत. साचलेले पाणी टाकीच्या गाडीत उपसून घ्यावे आणि तपासल्याशिवाय कोठेही सोडू नये. राख कोरडी उडू देऊ नये आणि धुऊनही टाकू नये. हातमोजे, बूट आणि मुखपट्टी घातलेल्या माणसांनी ती बंद पिंपांत भरावी. ती घरगुती कचऱ्यात मिसळू नये. घातक कचऱ्यासाठी दुंडिगलला खास जागा आहे, तेथे पाठवावी. वरची माती खरवडावी, आसपासच्या विहिरी आणि कूपनलिकांचे पाणी तपासावे, आणि तोवर लोकांना ते पिऊ देऊ नये. यातले बहुतेक काम पहिल्या काही तासांत व्हायला हवे. एकदा पाणी नाल्यात गेले, की मग उरते ती वर्षानुवर्षांची निस्तरणी.

कायद्यात याची सोय नाही असेही नाही. १९७४ च्या जलप्रदूषणविषयक कायद्याचे ३२ वे कलम नेमके अशा आकस्मिक प्रसंगासाठी आहे. दूषित द्रव्य ओढ्यातून वा विहिरीतून काढण्याची तजवीज ताबडतोब करण्याचा अधिकार त्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाला दिला आहे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार अपघात होताच मंडळाला कळवणे बंधनकारक आहे, आणि पर्यावरणाच्या हानीची जबाबदारी मालकावर येते. पण नियमाला आधी कारखाना दिसावा लागतो. वस्तीच्या पोटात, वखारीच्या आड, वर माणसे आणि खाली माल अशा रीतीने चालणारे गोदाम कोणत्याच वहीत नसते. जे वहीत नाही त्याची आग विझते, आणि तिची राख झाडूवालीच्या वाट्याला येते.

परतताना मी मुसीच्या पुलावर थांबले. अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी. २८ सप्टेंबर १९०८ रोजी तिला महापूर आला. ‘तुग्यानी’ या नावाने त्याच्या कथा आमच्या घरांतून सांगितल्या जात. अफझलगंजच्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून वरच्या अंगाला उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले. म्हणजे नदीचे येणारे पाणी अडवण्याची बुद्धी या शहराला एका रात्रीच्या संकटाने दिली. आपण नदीला जे पाणी देतो, ते अडवण्याची बुद्धी अजून यायची आहे.

पुलाखालचा प्रवाह काळपट होता. पूर्वेला शहर संपता संपता याच पाण्यावर हिरवेगार पॅरा गवत वाढते. त्याचे भारे म्हशींच्या गोठ्यांत जातात आणि गोठ्यांतले दूध पुन्हा शहरात येते. मी गटारात लोटलेले पाणी कोठे गेले, याचे उत्तर मला तेथे मिळाले. ते गेलेच नाही. फेरा घालून ते आमच्याच दाराशी येत असणार. आणि जे उरते ते पुढे नलगोंडा जिल्ह्यात वाडापल्लीला कृष्णेला मिळते. महाबळेश्वरी उगम पावलेली, वाईच्या घाटांवरून आलेली ती कृष्णा! माहेरचे पाणी सासरच्या उंबऱ्याशी असे भेटावे, याची मला लाज वाटली.

आता आमच्या घरी माळ्यावर दोन पेट्या आहेत. एकीत कागद आणि काच. दुसरीत बॅटऱ्या, वायरी, जुने दिवे. दुसरी पेटी हातगाडीवर जात नाही. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रावर मी ती स्वतः पोहोचवते. एवढ्याने मुसी निवळणार नाही, हे मला कळते. पण अकरा माणसांच्या अंथरुणाखाली माझ्या घरची वायर तरी नसावी.

आणि झाडूवालीसाठी दाराआड रबरी हातमोज्यांचा एक जोड टांगलेला असतो. पहिल्या दिवशी ती हसली होती. हल्ली घालते.