दिसतं तसं नसतं

आमच्या गंगाखेडला गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा! संत जनाबाईंचं हे गाव. लांबलांबून लोक अस्थी घेऊन इथल्या घाटावर येतात आणि त्याच नदीत गल्लीतली पोरं पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकतात. असं रोजचं घरगुती नातं असलं की नदीची भीती राहत नाही. बंधाऱ्याची तर नाहीच नाही. धरण म्हटलं की डोळ्यांसमोर जायकवाडीचे 27 दरवाजे येतात. बंधारा म्हणजे काय, तर पुरुषभर उंचीची भिंत, वरून पाण्याची पातळ चादर आणि खाली पांढराशुभ्र फेस. फोटोला एकदम झकास!

मित्रांनो, हा लेख त्या पांढऱ्या फेसाबद्दल आहे.

आमच्या गल्लीत एक दादा होता. आम्हा बारक्या पोरांना पोहायला त्यानेच शिकवलं. मी आठवीत असताना, दिवाळीच्या सुट्टीत तो एका बंधाऱ्याखाली बुडाला. पूर नव्हता, पाऊस नव्हता, ऊन पडलेलं होतं. पाणी वरून जेमतेम वीतभर वाहत होतं. गावात जो तो म्हणायचा, "पट्टीचा पोहणारा, तरी गेला. गंगेनं नेलं." त्याच्या आईलाही सगळ्यांनी हेच सांगितलं. आणखी काय सांगणार?

या प्रश्नाचं उत्तर मला सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये मिळालं. फ्ल्यूममध्ये, म्हणजे काचेच्या भिंतींच्या त्या लांब पन्हाळीत, छोटा वेअर बसवून आम्ही हायड्रॉलिक जंपचं प्रॅक्टिकल करत होतो. रीडिंग घेऊन झाल्यावर होस्टेलवरून आणलेला टेबल टेनिसचा चेंडू पाण्यात सोडला. आधी तो भिंतीवरून पडून सरळ वाहून गेला. मग टेलगेट वर घेऊन खालच्या बाजूचं पाणी वाढवलं आणि चेंडू पुन्हा सोडला. या वेळी तो गेलाच नाही! भिंतीला आपटायचा, खाली जायचा, जरा पुढे वर यायचा आणि परत भिंतीकडे ओढला जायचा. पंप बंद केला तेव्हा कुठे तो सुटला. बाकीचे हसत होते. मला हसू आलं नाही.

कारण साधं आहे. भिंतीवरून पडणारं पाणी तळाशी बुडी मारतं आणि तळातूनच पुढे जातं. खालच्या बाजूला पाणी पुरेसं खोल असलं, की जंप बुडतो आणि पृष्ठभागावरचं पाणी उलटं, भिंतीच्या दिशेने वाहू लागतं. माणूस वर आला रे आला की हे पाणी त्याला पुन्हा धारेखाली नेतं. त्यात फेस म्हणजे निम्मी हवा. अशा पाण्यात अंग नीट तरंगत नाही आणि हाताला पकड मिळत नाही. पोहणं कितीही चांगलं येत असो, दम संपतो, पाणी संपत नाही.

अमेरिकेत अशा बंधाऱ्यांना 'बुडवणारं यंत्र' म्हणतात. 1975 साली बिंगहॅम्टन गावी अशाच एका बुटक्या बंधाऱ्याखाली बचावाला गेलेले अग्निशमन दलाचे तीन जवान दगावले. आपण तर नुसत्या चपला काढून उडी मारतो!

वरची बाजूही सोपी नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांबांच्या मधे बर्गे घालून पाणी अडवतात. एखादा बर्गा काढलेला असला, तर त्या फटीकडे जबरदस्त ओढ असते आणि वरून पाणी मात्र शांत दिसतं. तिसरी गोष्ट म्हणजे पाऊस नाशिकला पडतो आणि नदी आपल्याकडे फुगते. जायकवाडीचं पाणी येतं, माजलगाव धरणाचं पाणी सिंदफणेतून येतं. गंगाखेडला त्या दिवशी लख्ख ऊन असू शकतं.

ही सगळी म्हाताऱ्या माणसांची भीती नव्हे. 8 जून 2014 ला हिमाचलमध्ये लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले. सगळे इंजिनिअरिंगचे, आपल्यासारखेच सहलीला आलेले. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले.

2021 साली धरण सुरक्षा कायदा झाला. पण तो मुख्यतः 15 मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही धरणांसाठी आहे. गावोगावचे बुटके बंधारे त्यात बसत नाहीत. म्हणजे हे काम आपलंच, होऊ घातलेल्या इंजिनिअरांचं! भिंतीच्या खालच्या अंगाला पायऱ्या काढल्या किंवा मोठे दगड नीट रचले, तर पाण्याचा तो भोवरा मोडतो. वरच्या बाजूला तरंगत्या डब्यांचा दोर बांधता येतो. 'पोहण्यास मनाई' या पाटीखाली का मनाई आहे, ते दोन ओळींत आणि एका चित्रात लिहिता येतं. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनो, हा घ्या!

नदीवर जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः सुट्टीत घाटावर जातोच. पण रविवारी ग्रुप निघाला, तर बंधाऱ्यापासून लांब, गावातल्या माहितगार माणसाला विचारूनच पाण्यात उतरा. भिंतीवर चालू नका, फेसात जाऊ नका. कुणी अडकलंच, तर मागोमाग उडी टाकू नका. काठावरून दोर, ट्यूब, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे असेल ते फेका आणि 112 ला फोन लावा. सामानात एक लांब दोर असू द्या. तो कुणी आणायचा, हे निघण्याआधीच ठरवा.