शिफारस

शिफारस हा शब्द आपल्या बोलीत फारसा प्रतिष्ठित राहिलेला नाही. ‘त्याला कुणाची तरी शिफारस असेल’ असे म्हणताना आपला डोळा किंचित बारीक होतो. बदलीसाठी शिफारस, नोकरीसाठी शिफारस, इस्पितळात खाट मिळावी म्हणूनही शिफारस! कायद्याच्या शिक्षणाला तरी आपल्या राज्यात ही चिठ्ठी लागत नाही. सीईटी द्यावी, गुण मिळवावेत, यादीत आपले नाव शोधावे. ही पद्धत मला मनापासून आवडते.

परदेशातली विद्यापीठे मात्र तेवढ्यावर भागवीत नाहीत. तिथे एलएल.एम.ला जायचे तर बहुधा दोन पत्रे हवीत, तीही उमेदवाराचे काम जवळून पाहिलेल्या माणसांची. गेल्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी असाच अर्ज घेऊन घरी आली. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात तिची सात वर्षे नोकरी झाली आहे. त्यातली तीन वर्षे तिने पहाटेच्या एसटीने नागपूर गाठले, सकाळचे लॉ कॉलेज केले आणि दुपारपाळीला परतून हजेरीची बुके भरली.

‘सर, एक पत्र तुम्हीच लिहा ना जी.’

मला हसू आले. मी दहावीपलीकडे न गेलेला चित्रकलेचा मास्तर. चार कादंबऱ्या नावावर असल्या, तरी सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठाला त्यांचे काय कौतुक! पण तिची अडचण खरी होती. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी ‘मजकूर तूच टाइप करून आण, सही करतो’ असे सांगितले होते. तास संपताच एसटीसाठी पळणारी मुलगी त्यांच्या ध्यानात राहावी तरी कशी? कारखान्याच्या कागदावर होते : ‘प्रामाणिक, कष्टाळू, वर्तणूक चांगली.’ मागेल त्याला हाच कागद मिळतो. नोकरी करून शिकणाऱ्याचे हे असे होते. कॉलेज त्याचे काम पाहत नाही आणि कारखाना त्याचा अभ्यास पाहत नाही.

अशा वेळी मला बाबासाहेबांची आठवण होते. आम्ही नागपूरकडची माणसे त्यांना १९५६च्या दीक्षाभूमीवरून ओळखतो, पण त्यांच्या शिक्षणाच्या वाटेवर अशी पत्रे भेटतात. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा एक मुलगा केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. पुढे याच गुरुजींनी त्याच्यासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. कोलंबियात प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्यांचे काम पाहिले आणि १९१६ साली लंडनला सिडनी वेब यांना पत्र लिहिले. त्याच वर्षी बाबासाहेब ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना परतावे लागले. १९१८ ते १९२० त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पैसे साठवले, शाहू महाराजांनीही साहाय्य केले, आणि ते पुन्हा लंडनला गेले. मधली वर्षे नोकरीत गेली होती, तरी सेलिग्मन त्यांना विसरले नव्हते. या खेपेस त्यांनी प्राध्यापक फॉक्सवेल यांना लिहिले. १९२२ साली बाबासाहेब बॅरिस्टर झाले. ज्याचा मोठ्या दारांशी काही नातेसंबंध नव्हता, त्याच्यासाठी हे शब्द कोणी नात्याने टाकले नव्हते. टाकणाऱ्यांनी त्याला वाचताना, लिहिताना पाहिले होते, एवढेच.

मी तिला विचारले, ‘कामावर तुला रोज पाहते असे कोण आहे?’

‘आमचे टाइमकीपर काका.’

काकांना घेऊन ती रविवारी आली. ते संकोचून म्हणाले, ‘मले इंग्रजी येत नाही जी. पोरगी हुशार आहे, एवढंच लिहू का?’

‘हुशार हा शब्दच नको. पाहिले ते सांगा.’

मग काका सांगू लागले. ठेकेदाराकडच्या मजुरांचे नाव आधारवर एक आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर दुसरे, अशी नेहमीची रड. पैसे अडकतात. संयुक्त घोषणापत्र भरायचे, पुरावे जोडायचे, हे तिचे काम नव्हे, पण ती करून देते. मोहप्याकडच्या एका मजुराची बायको विधवा झाली, तेव्हा नवऱ्याचे नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी होते. ‘बाईले सही येत नव्हती. पण या पोरीनं प्रत्येक कागद तिले वाचून दाखवला, अन् मंगच अंगठा घेतला. पाळी सुटली होती जी, तरी बसून राहिली.’

एवढे ऐकल्यावर मी काही सुचवण्याचे कारण उरले नाही. काकांनी अर्धे पान मराठीत लिहिले, आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी त्याचे भाषांतर केले. प्राध्यापकांकडेही ती पुन्हा गेली. या वेळी टाइप केलेला मजकूर न नेता तिने कामगार कायद्यावरचा आपला जुना निबंध नेला. त्यांनी तो ठेवून घेतला, वाचला, आणि पत्र स्वतः लिहिले.

दसऱ्याच्या सुमारास अर्ज गेला. आता आमच्याकडे आंबिया बहाराची संत्री उतरू लागली आहेत. तिकडचे उत्तर यायला बहुधा मृग बहाराची संत्री बाजारात यावी लागतील. काकांना एवढा धीर नाही. बाजारात भेटले की आधी पिशवी खाली ठेवतात आणि विचारतात, ‘सर, आपलं पत्र वाचलं असंल का जी त्यायनं?’