माहिती पुरेशी आहे काय?

कोलकात्याला बदली होऊन आल्यापासून संध्याकाळच्या चहाबरोबर मुलगी मजपुढे एखादे कोडे ठेवते. ती संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करीत आहे. तेथे पूर्वपरीक्षेत या जातीचे प्रश्न आले आहेत. त्यांत उत्तर काढावयाचे नसते. दिलेली माहिती उत्तराला पुरेशी आहे काय, एवढेच सांगावयाचे असते.

परवाचे कोडे असे : एका दोन अंकी संख्येला ९ ने भाग जातो काय? पहिले विधान : तिच्या अंकांची बेरीज ९ आहे. दुसरे : अंकांची अदलाबदल केल्यास २७ चा फरक पडतो.

मी पेन्सिल घेतली. अदलाबदलीने पडणारा फरक हा अंकांच्या फरकाच्या नऊपट. म्हणजे अंकांत ३ चा फरक, बेरीज ९. "६३!" मी विजयी मुद्रेने म्हणालो.

"३६ का नाही, बाबा?"

खरेच की! मोठी संख्या कोणती हे कोठे सांगितले होते?

"आणि संख्या तुम्हांला विचारलीच कोणी?"

प्रत्येक दहातून नऊ गेले की एक उरतो. म्हणून अंकांची बेरीज ९ म्हटल्याबरोबर भाग जाणारच. पहिले विधान एकटे पुरेसे होते. दुसरे एकटे निरुपयोगी : ४१ आणि १४ यांतही २७ चाच फरक, पण ४१ ला ९ ने भाग जात नाही. मी दोन्ही जोडून, नको ते शोधून, तेही चुकलो होतो.

चहा निवून गेला. मला २०१२ साल आठवले. तेव्हा मी रायपूरला होतो. एका निवृत्त चौकीदाराच्या सेवापुस्तकाचे पहिले पान गहाळ होते. नेमणुकीची तारीख सापडेना. पंधरा वर्षांची पगारबिले मात्र फायलीत होती. निवृत्तिवेतनाला अर्हताकारी सेवा दहा वर्षे पुरे, आणि त्या सालच्या नियमांप्रमाणे वेतनाची रक्कमही त्यापुढील वर्षांवर अवलंबून नव्हती. उपदानाला एकूण वर्षे मोजावी लागतात हे खरे. पण ते मागाहून देता आले असते. मी मात्र आपल्या सर्वांच्या हाताला सवयीचा झालेला शेरा मारला : 'नेमणुकीची तारीख कळल्याखेरीज विचार करता येत नाही.' तारखेचा कागद यायला सात महिने लागले.

ते गृहस्थ दर महिन्याला येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसत. मी दिसलो की उठून उभे राहत, आणि मी जाता जाता सांगे, "अभी कागज़ नहीं आया."